अकरा कप

"माझ्या घरात किती माणसं झोपतात ते मी सकाळी मोजते, रात्री नाही."

फिलोमीन डायसार्ट हे वाक्य एकदा दवाखान्यातल्या नव्या नर्सला म्हणाली होती. नर्स वर्षाच्या आत शहराकडे निघून गेली, वाक्य मात्र तळ्याकाठच्या ओटर नॅरोज या आदिवासी वस्तीत राहिलं. दुकानात कुणाला किती पीठ हवं असं विचारलं, की रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "सकाळी मोजून सांगेल रे!" आणि सगळी रांग हसायची.

खरं तर फिलोमीन सकाळीही मोजत नसे. तिच्या तोंडून आकडा ऐकलेला माणूस त्या वस्तीत नव्हता. वय विचारलं तर म्हणायची, "धरण झालं त्याच्या आधीची." गोळ्या किती घेतल्या, तर "होत्या तेवढ्या." कुणी मूस, म्हणजे भलं मोठं सांबर, मारून आणला आणि वाटे किती करायचे हा प्रश्न निघाला, की ती नुसत्या बाह्या वर सारून सुरी हातात घ्यायची. शेवटी वाटे बरोबर चुलींइतके निघायचे. बिंगो खेळायलाही जायची. जिंकली तर ओरडायचं काम शेजारी बसलेल्या बाईचं.

रोडा बेअर्डी ही तिच्या चुलतबहिणीची मुलगी, पस्तिशीची. ती फिलोमीनला मावशी म्हणे. लहानपणी रोडाला वाटायचं, मावशीला अंक येतच नाहीत. एकदा ती गणिताची वही घेऊन मावशीला शिकवायला बसली होती. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. आता ती वही चुलीपासून लांब ठेव."

मोठेपणी रोडाला मुलांच्या ऑफिसात काम मिळालं. कागदावर त्या ऑफिसचं नाव लांबलचक होतं. वस्तीत त्याला मुलांचं ऑफिस म्हणत, जणू तिथे मुलंच टेबलांमागे बसतात. कुणाचं मूल घरात ठेवायचं, कुणाचं काढून दुसरीकडे द्यायचं, हे तिथून ठरे, म्हणजे तिथून विनिपेगला कळवलं जाई आणि विनिपेगहून ठरून येई. रोडा फायली लावायची, फोन घ्यायची, बर्फ पडला की पायरी झाडायची. आठवड्यातले तीन दिवस. लोक तिच्याशी पूर्वीसारखेच बोलत. फक्त ती घरात शिरली की आवाज थोडा खाली यायचा. तिला हे कळत होतं. पण पगार होता, आणि ऑफिस आपल्याच लोकांचं आहे असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

त्या हिवाळ्यात, तळं गोठून त्यावरून ट्रक चालू लागल्यावर, विनिपेगच्या विद्यापीठातून जोसलिन ओकेमॉ आली. ती होती आपल्यातलीच, पण तिचा बाप चार वर्षांचा असताना सरकारनं घरातून नेला होता, शहरात परक्यांच्या घरी वाढला होता, त्यामुळे भाषा तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तिचा अभ्यास त्याच गोष्टीवर होता: नेलेल्या मुलांचं पुढे काय होतं, नात्यातल्या घरी ठेवलेल्यांचं काय होतं. तीन वर्षं तिनं फायली वाचल्या होत्या. आता तिला घरोघरी जाऊन मोजायचं होतं, आणि मोजायला घराघरात जिला दार उघडं आहे अशी बाई हवी होती. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, आणि सांगताना सगळे हसले.

फिलोमीननं तिला चहा दिला, बॅनक रोटीचा गरम तुकडा दिला, आणि नाही म्हणून सांगितलं.

"नियम म्हणतो, एका खोलीत दोनच मुलं," जोसलिन म्हणाली. "तुमच्या घरांत हा नियम बसत नाही, म्हणून मुलं जातात. नियम बदलायचा तर आकडे लागतील, कोकुम."

कोकुम म्हणजे आजी; वस्तीतली सगळी मुलं फिलोमीनला तेच म्हणत.

"आकड्यांनीच तर नेली."

"म्हणून आकड्यांनीच परत आणायची."

फिलोमीननं तिच्याकडे निरखून पाहिलं. "हे तू वाटेत पाठ करत आलीस का गं?"

जोसलिन लाल झाली. "विमानात," ती म्हणाली.

फिलोमीन हसली. पण होकार हसण्यातून आला नाही. तो डेल्फीनमुळे आला.

डेल्फीन पाच वर्षांची. फिलोमीनच्या धाकट्या बहिणीची नात. बहीण वारली होती, डेल्फीनची आई टॅनिस विनिपेगमध्ये होती, कधी दवाखान्यात, कधी रस्त्यावर. पोर फिलोमीनकडे येऊन-जाऊन राहायची, पण चौदा महिन्यांपूर्वी मुलांच्या ऑफिसानं तिला आईकडून काढून शहरातल्या एका जोडप्याकडे ठेवलं होतं. टॅनिसनं शुद्धीत असताना लिहून दिलं होतं की पोर मावशीआजीकडे जावी. तो कागद फायलीत होता. आता त्या जोडप्यानं तिला कायमची मागितली होती, आणि फेब्रुवारीत त्याचा निकाल लागायचा होता.

"मोजलं तर त्याचा तिला उपयोग होईल?" फिलोमीननं विचारलं.

"होऊ शकतो," जोसलिन म्हणाली.

होऊ शकतो. एवढ्या पातळ बर्फावर फिलोमीननं पाऊल टाकलं.

*

मोजायची तिची रीत अशी. रोडा ट्रक चालवायची, कारण ट्रक रोडाचा. घरासमोर थांबलं की फिलोमीन आत जायची, चहा घ्यायची, माशांबद्दल, गुडघ्यांबद्दल, कुणाच्या तरी नव्या दातांबद्दल बोलायची. मुलांचा विषयही काढायची नाही. तिची नजर तेवढी चुलीमागच्या भिंतीवर जायची. ओटर नॅरोजमध्ये प्रत्येक घरात त्या भिंतीवर खिळे असतात आणि खिळ्यांना एनॅमलचे कप. मूल ज्या घरी येऊन-जाऊन राहू लागतं, त्या घरी त्याच्या नावाचा खिळा ठोकतात. खिळा ठोकला की त्या घरात त्याला कुणी विचारत नाही, कशाला आलास, किती दिवस आहेस. भूक लागली की त्यानं कप काढायचा. झोप आली की जागा शोधायची. ज्याच्या भिंतीवर कप, ते मूल त्याचं. यात मोजण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

बाहेर येऊन ट्रकमध्ये बसली की फिलोमीन फॉर्मवर रेघा ओढायची, कपागणिक एक. आकडा लिहायची नाही, बोलायची नाही. रेघा रोडा मोजायची.

अठराव्या का एकोणिसाव्या घरानंतर, हीटर घरघरत असताना, फिलोमीन एकदम बोलायला लागली. समोर काचेकडे बघत, वाऱ्याबद्दल बोलावं तशी.

"दुधाचे दात पडत होते माझे. ननच्या शाळेत मोजायला शिकवलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला इंग्रजी यायचं नाही. उन्हाळ्यात हिरव्या कोटातली सरकारी बाई पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं आली, तळ्यावर उतरली. बापानं खुर्ची पुसून दिली. तिनं विचारलं, इथे किती मुलं झोपतात? मला इतका आनंद झाला, मला येत होतं ना उत्तर. भिंतीकडे बोट करून एकेक कप मोजला. मोठ्यानं. शेवटपर्यंत. मासेमारीला आलेल्या मामाच्या पोरांचे धरून. केवढं मोठं घर! ती म्हणाली, हुशार आहेस गं. आणि हातातली पेन्सिल मला देऊन टाकली."

रोडानं ट्रक सुरू केला नाही.

"धाकट्या ऑरेलीला नेलं, ती अजून अंगावर पीत होती. माझ्या भावाला, आल्फोन्सला नेलं, तो तिच्याहून जरा मोठा. एवढी फार होतात म्हणाली. पेन्सिल मी तळ्यात फेकली. लाकूड ते, बुडेना. कितीतरी दिवस काठाशी येऊन लागत होती."

ऑरेली सव्वीस वर्षांनी परत आली होती, दुसऱ्या नावानं. आईशी बोलायला तिला दुभाषी लागायचा. तो दुभाषी फिलोमीन. डेल्फीन तिचीच नात. आल्फोन्स सापडलाच नाही. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. पेन्सिलीचं रोडालाही ठाऊक नव्हतं.

"आईबापांनी काही म्हटलं तुला?"

"काही नाही. म्हटलं असतं तर बरं होतं." फिलोमीननं पुढचा फॉर्म काढला. "चल. झॅकरीचं घर. त्याच्याकडे चहा पिऊ नकोस, तो तीच पानं पुन्हा पुन्हा उकळतो."

*

त्रेचाळीस घरं झाली. फॉर्म जोसलिनकडे गेले. एका बुधवारी तिनं कच्चा तक्ता रोडाला तपासायला पाठवला. त्यात नावं नव्हती. घरांचे क्रमांक, माणसांची वयं, मुलांची संख्या. शहरात एवढं झाकलं की झाकलं जातं. ओटर नॅरोजमध्ये साठीला टेकलेली एकटी बाई आणि अकरा मुलं म्हटल्यावर घर कुठलं ते कुत्र्यांनाही कळतं.

रोडानं तक्ता पाहिला. घर क्रमांक सदतीस, अकरा. वस्तीत सगळ्यांत जास्त. तिला भरून आलं. अकरा मुलांनी ते घर आपलं मानलं होतं. इतका मान पुढाऱ्यालाही नव्हता.

गुरुवारी ऑफिसचा मुख्य, लायल फ्लेट, तिच्या टेबलापाशी आला. फ्लेट दक्षिणेकडच्या तळ्यांवरचा, पन्नाशीचा, डोळ्यांखाली कायम काळसर. वाईट माणूस नव्हता; त्याचंच रोडाला अवघड वाटे.

"डायसार्टच्या घराबद्दल चांगलं काही आहे का आपल्याकडे? लेखी? विनिपेगला पाठवायचंय. माझ्या शब्दाला तिथे कोण विचारतं."

"आहे की," रोडा म्हणाली. आणि तिनं तक्ता छापून त्याच्या हातात दिला. सदतीस क्रमांकाखाली तिनं स्वतः पेननं रेघ मारली. चांगली जाड.

शुक्रवारी जोसलिनचा फोन आला. "रोडा, एक तर तुमच्याकडे अठ्ठ्याऐंशी मुलं आभाळातून पडलीत, नाहीतर काहीतरी चुकलंय. वस्तीच्या यादीत मुलं एकशे एकोणतीस. तुमच्या रेघा दोनशे सतरा."

रोडाला हसू आलं. "अगं, माझ्याच पोराचे तीन घरांत तीन कप आहेत. तो तिन्हीकडे मोजला गेला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग जोसलिन हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे घरात गर्दी नाहीये. एकेका मुलाला दोन-तीन घरं आहेत. रोडा, हेच तर मी तीन वर्षं शोधत होते." आणि मग, "हा तक्ता मात्र कुणाला दाखवू नकोस हं. असाच्या असा कुणी वाचला तर उलटाच अर्थ लागेल."

रोडानं फोन ठेवला. ती उठून फ्लेटच्या खोलीकडे गेली. फ्लेट म्हणाला, ते तर काल दुपारीच गेलं.

शनिवार, रविवार, सोमवार ती मावशीकडे फिरकली नाही. मावशीच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. रोडानं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

*

मंगळवारी एक वाजता फिलोमीनला ऑफिसात बोलावलं होतं. ती पावणेएकला येऊन बसली. अंगात चर्चला जायचा निळा कोट, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत डेल्फीनचा कप होता, हिरव्या काठाचा, कारण निकाल चांगला लागला तर विमानातून येताना पोरीला ओळखीचं काही हातात असावं. तिनं रोडाला तो काढून दाखवला. रोडानं पाहिल्यासारखं केलं.

दारात म्हातारा झॅकरी चौकट ठोकत बसला होता. बर्फाच्या ओलीनं लाकूड फुगून दार अडकलं होतं. तो ऑफिसची डागडुजी करायचा, आणि ती करताना बोलायचा.

"लागत नाही म्हणून तक्रार, उघडत नाही म्हणून तक्रार. फिलो, हे ऑफिस आहे की माझी बायको?"

"तुझी बायको उघडत नव्हती ते बरोबरच होतं," फिलोमीन म्हणाली. "तुझ्या चहाचा वास यायचा."

झॅकरी खिदळला आणि त्यानं पुढचा खिळा उपटला. जुना खिळा लाकडातून निघताना किंचाळला.

फ्लेट आला, समोर बसला, फाईल उघडली. पानं उगाच सरळ केली. रोडा बाजूच्या टेबलाशी, बोलणं लिहून घ्यायला.

"मिसेस डायसार्ट, विनिपेगहून काल उत्तर आलंय. त्यांचं म्हणणं, घरात आधीच मुलं जास्त आहेत. स्वयंपाकघर धरून तीन खोल्या. अकरा मुलं."

"कुणी सांगितलं?"

फ्लेटनं तक्ता तिच्यासमोर सरकवला. फिलोमीननं चष्मा लावला. तिचं बोट ओळीओळीनं खाली गेलं आणि जाड रेघेवर थांबलं.

"हे माझ्याच रेघांवरून केलंय," ती म्हणाली.

फ्लेट पुन्हा पानं सरळ करू लागला. दारात ठक, ठक चालू होतं.

"त्या पोरीनं." फिलोमीननं चष्मा काढला. आवाज चढला नव्हता, उलट कोरडा झाला होता. "माझ्या चुलीशी बसून खाल्लं तिनं. म्हणाली, परत आणायची. मी पुन्हा तेच केलं. या वयात."

रोडाच्या हातातलं पेन थांबलं. गप्प बसणं किती सोपं होतं. जोसलिन सातशे किलोमीटरवर होती. तिचा इथे खिळा नव्हता, कप नव्हता. दोन वर्षं लोक तिला शिव्या देतील आणि विसरून जातील. मावशी मात्र रोज समोर दिसणार होती, चर्चमध्ये, दुकानात, पोराला आणायला गेल्यावर चुलीपाशी.

"ती नाही, मावशी," रोडा म्हणाली. "मी दिला."

फिलोमीननं मान वळवली.

"त्यांनी चांगलं काही आहे का विचारलं. मला वाटलं हे चांगलं आहे. अकरा. सगळ्या वस्तीत जास्त." तिनं पेन टेबलावर ठेवलं. "ती जाड रेघही माझीच."

दारातली ठकठक थांबली होती. झॅकरीचे कान इकडेच होते, आणि ते तो लपवतही नव्हता.

रोडा फ्लेटकडे वळली आणि भराभर बोलू लागली. कपांचं सांगितलं. दोनशे सतरा रेघा आणि एकशे एकोणतीस मुलं सांगितली. "त्या अकरांत रोज तिथे झोपणारी दोनच, तिचे नातू. आठ जण येऊन-जाऊन. त्यांची दुसरी घरं आहेत, एक तर माझंच आहे. आणि अकरावा कप डेल्फीनचा, साहेब! चौदा महिने तो रिकामा टांगला होता. ती पोर घरात मावत नाही म्हणता, आणि न मावणाऱ्यांत तिलाच धरलंय!"

फ्लेटनं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "हे मला कळतंय," तो म्हणाला. "माझ्या आजीकडेही खिळे होते, रोडा. पण तिथे बसलेला माणूस आधी आकडा वाचतो आणि समासातलं नंतर, वाचलं तर. परवा गुरुवारी निकाल आहे. आकडा आता त्यांच्याकडे आहे."

"मग?"

"एक वाट आहे. काल तासभर फोनवर भांडून काढलीय." त्यानं फाईलखालून एक कागद काढला. "हमीपत्र. घरात झोपणारी मुलं किती, त्यांची नावं. त्यांच्याखेरीज दुसरं मूल रात्री तिथे राहणार नाही. तीनपर्यंत त्यांना चालेल. दोन नातू आणि डेल्फीन. तीन वाजेपर्यंत हा कागद गेला तर पोर शुक्रवारच्या विमानात बसेल. नाही गेला तर…" त्यानं वाक्य सोडून दिलं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला आले होते.

"आणि दुसरं राहिलं तर?" फिलोमीननं विचारलं.

"अधूनमधून कुणीतरी बघायला येईल. न सांगता. जास्तीचं मूल सापडलं तर डेल्फीन परत जाईल, आणि मग पुन्हा मागता येणार नाही."

"असल्या मरणाच्या थंडीत एखाद्यानं दार वाजवलं, त्याच्या बापानं बाटली काढलीय म्हणून, तर मी काय म्हणायचं? कागदावर नाव नाही तुझं?"

फ्लेटनं खाली पाहिलं. "मी नियम केला नाही, मिसेस डायसार्ट."

"तो कुणीच करत नाही," फिलोमीन म्हणाली. "त्या बाईनंही केला नव्हता."

"सही कर, मावशी," रोडा कुजबुजली. "सही करून टाक. कप राहू देत. बघायला आले तर मीच आधी कळवीन तुला, फोन माझ्याकडेच येतो…" फ्लेट समोर बसला होता, त्यानं हे ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

"आणि एकदा फोन तुझ्याकडे आला नाही तर?"

रोडानं टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

फिलोमीननं कागद ओढून घेतला. नावं लिहिली, सावकाश, ननच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. दोन नातवंडांची. मग डेल्फीनचं, पूर्ण. संख्येच्या चौकोनाशी पेन थांबलं. तिनं एक रेघ ओढली. दुसरी. तिसरी.

"आकडा लागेल," फ्लेट हलकेच म्हणाला. "रेघा ते घेणार नाहीत. नाहीतर नुसतं सांगा, मी भरतो."

फिलोमीननं पेन खाली ठेवलं. बावन्न वर्षं जी गोष्ट तिनं घरात घेतली नव्हती, जी नर्सला, पाद्र्याला, दुकानदाराला कुणाला दिली नव्हती, ती आता तिच्या जिभेवर येऊन उभी होती.

"तीन," ती म्हणाली.

फ्लेटनं आकडा लिहिला. तिनं सही केली. तो कागद घेऊन फॅक्सच्या मशीनकडे गेला, आणि यंत्रानं कागद ओढून घेताना बारीक आवाज केला. बस्स, झालं. शुक्रवारी पोर येणार होती. रोडाला वाटलं आपण रडावं किंवा हसावं, आणि दोन्ही तिला जमलं नाही, कारण मावशी तिच्याकडे बघत होती.

रागानं बघते तसं नाही. एखाद्या घरात शिरून चुलीमागची भिंत बघते, तसं.

"तुझ्या भिंतीवर जागा आहे?" फिलोमीननं विचारलं.

"आहे."

"आठ?"

रोडाच्या घराला दोन खोल्या. भिंतीवर सहा खिळे आधीचेच होते. ती ज्या टेबलाशी बसते त्या टेबलावर उद्या तिच्याही घराचा क्रमांक कुणीतरी ठेवील, हे तिला त्याच क्षणी स्वच्छ दिसलं. मग मोजताना कुणी तिच्याकडून हमीपत्र मागेल, आणि ती कुणाची भिंत शोधील?

"आहे," ती म्हणाली.

फिलोमीननं मान हलवली. पिशवीतला हिरव्या काठाचा कप चाचपून पाहिला, पिशवी खांद्याला लावली, कोटाची बटणं एकेक करून गळ्यापर्यंत लावली. दारापाशी झॅकरी उठून बाजूला झाला होता. त्याची हातोडी पायरीवर पडलेली होती, एका टोकाला खिळे उपटायची चीर असलेली, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती वाकली, तिनं ती उचलली, वजन पाहिलं.

झॅकरीनं तोंड उघडलं. काहीतरी थट्टा त्याच्या तोंडाशी आली असावी. त्यानं ती गिळली आणि दार तिच्यासाठी धरून ठेवलं.

फिलोमीन हातोडी घेऊन बाहेर पडली आणि आपल्या घराच्या वाटेला लागली.